शिळं पाणी

धुळे

आई,
पाया पडतो. गुडघे कसे आहेत? मी ठीक आहे, फक्त डोकं तापलंय.

आमच्या पंपघरावर सौर पॅनल बसलेत. रोज सकाळी मी ते पुसतो, मग दिवसभर उन्हावर पंप चालतो आणि टाकी भरते. आठ दिवसांनी नळाला पाणी आलं की लोक आधीचं भरलेलं पिंप गटारीत ओततात. म्हणे शिळं! काल तर तेच पीत होते ना?

आज अख्ख्या गल्लीवर ओरडून घरी आलो, तर तुझी सून दिपमाला मोरीत हंडा ओततेय. मी भडकलो, तर म्हणते, "तुमनी मायनीच सांगेल शे." म्हणजे हे तूच शिकवलंस!

आता तूच तिला फोन कर. नाहीतर उद्यापासून पॅनल पुसायला तूच ये.

चिडलेला, पण तुझाच,
योगेंद्र