बाजूला पडलेली डिस्क

सोमवार, ता. १४

चि. ठकूस,
ताईचे पोटभर आशीर्वाद.

भाऊजींची कंबर कशी आहे? पट्टा बांधतात, की दाराला टांगून ठेवलाय? भाचीचा चष्म्याचा नंबर वाढल्याचं उडत उडत कानावर आलं. तिला म्हणावं, पुस्तक नाकाला लावून वाचू नकोस. तुझ्या सासूबाईंना कानाचं यंत्र मानवलं का? आणि तुझा अंगठा, कात्रीने सुजायचा तो? माझं म्हणशील तर गुडघे कुरकुरतात, पण शिलाई मशीनवर बसले की गप्प होतात.

तीन वर्षांनी लिहितेय. फोन करणार होते, पण तुझा आवाज आला की माझी वाचा बसेल. पत्रात कसं, मधेच उठून पाणी पिऊन येता येतं.

दुकानातला जुना कॉम्प्युटर गेला. मंगळवारी सकाळी बटण दाबलं तर पंखा फिरला, पण स्क्रीन काळीच. दुरुस्तीवाले आले, उघडून म्हणाले, "ताई, आतला मुख्य बोर्ड जळलाय. डिस्का मात्र दोन्ही जिवंत दिसतात." मग नवा आणला. त्यात दोन्ही डिस्का मी माझ्या हाताने बसवल्या. हसू नकोस. तू होतीस तेव्हा मी माऊस उलटा धरायचे हे खरं, पण तू गेल्यावर विचारणार कोणाला? एकेक करत शिकले. दोनदा सगळं बिघडवलं, तिसऱ्यांदा जमलं.

तुझी कपड्यांच्या मापांची ड्रॉइंग्ज गेली त्याबद्दलही लिहायचं आहे. ते पुढे.

तू जुन्या कॉम्प्युटरमध्ये तो 'आरसा' बसवलास तेव्हा मला समजावलं होतंस. दोन डिस्का, एकीवर लिहिलं की दुसरीवर आपोआप तेच उमटतं, एक मेली तरी दुसरी असते. मी म्हटलं, म्हणजे कापड दुहेरी घालून कापतो तसं. तू म्हणालीस, "बघ, तुला सगळं कळतं, उगाच वेड पांघरतेस."

तर नव्या कॉम्प्युटरने एकच डिस्क घेतली आणि दुसरी बाजूला टाकली. मी दुरुस्तीवाल्यांना फोन लावला.

"काही नाही ताई, एक ओळ सांगतो, ती टाइप करा. बाजूला पडलेली परत जोडीत येईल. दुपारपर्यंत दोन्ही सारख्या."

मी ओळ टाइप केली. बोट बटणावर ठेवलं आणि तिथेच राहिलं. तुला माझी खोड माहीत आहे. दुहेरी कापड कापताना वरचा पदर कितीही सरळ दिसो, मी खालचा उचलून बघितल्याशिवाय कात्री लावत नाही. खालचा कधी सरकतो ते वरून कळत नाही.

"सारख्या म्हणजे कुठलीवरचं कुठलीवर जाणार?" मी विचारलं.

"चालू आहे तिच्यावरचं, पडलेलीवर."

"आणि पडलेलीवर आत्ता काय आहे?"

"तेच असणार ना ताई. आरसा आहे तो."

"हो, पण तो बघायचा कधी थांबला?"

ते म्हणाले, "तुम्ही माझ्याकडे कामाला या."

त्यांनी सांगितलं तसं चालू डिस्क काढून ठेवली आणि पडलेली एकटीच सुरू केली, फक्त वाचण्यापुरती, तिच्यावर काही लिहिलं जाणार नाही अशी. तिच्यावर शेवटचं लिहिल्याची तारीख होती आपल्या भांडणाच्या दिवसाची. तू दार आपटून गेलीस आणि मी टेबलाखालच्या कॉम्प्युटरच्या डब्याला लाथ मारली होती. केबल तेव्हाच निसटली असणार. एक डिस्क निघाल्याचा इशारा दुकानाच्या कॉम्प्युटरवरच्या तुझ्या खात्यावर जायचा, आणि तो वाचणारी निघून गेली होती. तीन वर्षं दुकान एका पायावर चाललं आणि मला पत्ता नाही.

त्या डिस्कवर तुझं फोल्डर आहे. चारशे बारा ड्रॉइंग्ज, अख्खी. एक खांदा उतरलेल्या मास्तरीणबाईंचा कोट, पाठीला बाक असलेल्या घड्याळवाल्यांचा शर्ट, तयार कपडे ज्यांना कधी बसलेच नाहीत त्यांची सगळी मापं. तुझी अकरा वर्षं.

आता ते लिहिते.

ठकू, ती गेली नव्हती. मी पुसली. भांडणानंतर नवव्या दिवशी, जेवण झाल्यावर, शांत बसून. रागाच्या भरात झालं म्हणाले तर तेही खोटंच होईल. दारावरची पाटी माझी, दुकान माझं, म्हणजे कागदही माझे, असं काहीतरी डोक्यात होतं. मग तू ड्रॉइंग्ज उतरवून न्यायला रिकामी डिस्क पिशवीत घालून आलीस. मी म्हटलं, डिस्क खराब झाली, तुझं सगळं गेलं. गिऱ्हाइकांची बिलं तेवढी कशी वाचली, हे तू विचारलंसुद्धा नाहीस. ताई खोटं बोलेल हे तुझ्या मनातच आलं नाही. कटिंगच्या टेबलाला टेकून म्हणालीस, "आरसा मीच बसवला होता. माझंच काहीतरी चुकलं असणार." आणि मी चहा ठेवायला आत गेले.

पुसलं त्याहून ते आत जाणं मला जास्त छळतं. तुझं काही चुकलं नव्हतं. तू नीट बसवलं होतंस म्हणून तर ते आज माझ्या हातूनही मेलं नाही.

पार्सलमध्ये नवी डिस्क आहे, तिच्यावर चारशे बाराही उतरवली आहेत. एकेक उघडून पाहिलं, तीन दिवस लागले. मूळची माझ्या बटणांच्या डब्यात आहे, तीही तुझीच. चालू डिस्कला जोडीला दुसरी कोरी आणली. जुन्या दोघी पुन्हा जोडायच्या तर एकीवरचं पुसावं लागतं, आणि ते मी एकदा केलंय.

शेवटचं ड्रॉइंग भांडणाच्या सकाळचं आहे. "ताईचा कोट, डावी बाही पाऊण इंच आखूड." लहानपणी मोडलेला हात, मी तुला कधी माप दिलं नव्हतं. आज टेप लावून पाहिला. बरोबर पाऊण इंच.

तू येशील असं म्हणत नाही. रागावून लिहिलंस तरी ते माझ्या हक्काचं आहे. पण डिस्क तुझ्याकडे उघडली की नाही, एवढं एका ओळीत तरी लवकर कळव. पोस्टमनच्या वाटेकडे डोळे लावून बसलेय.

तुझी,
डाव्या हाताला पाऊण इंच कमी,
ताई