क्वेर्नली नाव मी लावू का?

लोफोतेन, मार्च १९२४

प्रिय आईस,

एविंदचा नमस्कार. मी बरा आहे. सोललेले हात भरत आलेत. मासळी भरपूर आहे. तुझी गुडघेदुखी कशी आहे?

एक विचारायचं होतं. नव्या कायद्यानं प्रत्येकाला कायमचं आडनाव लावायचंय. आमच्या बोटीवर मला धरून तिघं ओलसेन, म्हणजे ओलाचे मुलगे. तांडेल ओरडला, "अरे ओलाच्या पोरांनो, दुसरं काही नाव सांगा, नाहीतर माशांसारख्या शेपट्या कापून खुणा करीन!"

क्वेर्नली ओठावर आलं होतं. ओढ्याच्या पाण्यावर फिरणाऱ्या आपल्या जात्यावरून शेताला पडलेलं नाव, सगळ्या नॉर्वेत आपलं एकच घर. पण नाव शेतावर राहील त्याचं. बाबा गेल्यावर तू शूरशी लग्न केलंस, तो राहायला आला, म्हणून तो आता क्वेर्नली. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. बाबांच्या खुर्चीत तोच बसतो का?

मी भांडून निघालो, हे खरं. पण मी जन्मलो तिथंच ना? शूरला विचार. तो नको म्हणाला, तरी उत्तर तुझ्या हातचं येऊ दे. नावनोंदणीचा कागद ईस्टरनंतर जाईल, तोवर तांडेलाला जागा कोरी ठेवायला सांगितलीय.

तुझाच,
एविंद
(पुढचं तू सांगशील ते)