मला उष्ण पडतं

आई, अंडं तुला खरंच उष्ण पडायचं का? मला उत्तर माहीत नाही, आणि हे पत्र पाठवायला पत्ताही नाही.

इथे आखातात, अल खोरला, आमच्या शेजारी एक कोरियन बाई राहतात. त्यांच्याकडचं पारंपरिक वैद्यक शिकलेल्या. या उन्हाळ्यात माझं तोंड सारखं येत होतं. त्यांनी जीभ बघितली, मनगट धरलं आणि म्हणाल्या, "अंगात उष्णता आहे. टोफू खा, तो थंड असतो." टोफू म्हणजे सोयाबीनचं पनीर गं. मी चाटच पडले. हे शब्द तुझ्याबरोबरच गेले असं मी धरून चालले होते. घरातली पहिली पदवीधर मी! "उष्णबिष्ण काही नसतं गं," म्हणून तुला प्रथिनं समजावतेय, आणि तू तुझ्या वाट्याचं अंडं माझ्या ताटात सारत म्हणतेस, "बरं बाई, तुझं पुस्तक खरं. मला उष्ण पडतं. खा आता."

मी विचारलं, टोफू कुणी खाऊ नये? "पोट थंड असेल त्यांनी कमी खावा. खायचाच तर आलं घालून, गरम गरम." मग त्या हसायला लागल्या. "माझी आई जन्मभर सांगायची, मला टोफू थंड पडतो, तुम्ही खा. आम्ही कमवायला लागलो तशी एकटी अख्खी वडी संपवायला लागली. म्हणे, आता पोट गरम झालं!"

मला हसताच येईना. घरी येऊन मावशीला फोन लावला. "उष्ण? तिला?" मावशी म्हणाली. "अगं, लग्नाआधी अंड्यावरून माझ्या झिंज्या उपटायची ती!" लग्नानंतर प्रकृती बदलतही असेल. शेजारणीचं म्हणणं मी खोटं मानत नाही, टोफूने मला बरं वाटतंय. तुझंही खरं असेल. मग तुझ्या शेवटच्या दुखण्यात डॉक्टर, हिच्या अंगात रक्तच नाही, असं का म्हणाले?

काल जेवताना टोफूचा शेवटचा तुकडा मी नवऱ्याच्या ताटात सारला. "घे तू. मला थंड पडतो." तोंडातून कसं निघालं कळलंच नाही. मलाच तर तो खायला सांगितलेला! "बरं, मी संपवतो," तो म्हणाला. किती सहज पटलं त्याला! मी त्याच्या ताटातला तुकडा उचलला.

"अगं, बाधतो ना तुला?"

"नाही बाधत. खोटं बोलले."

आणि खाल्ला, त्याच्यासमोर, सगळा. खरं सांगू? खाताना चोरी केल्यासारखं वाटत होतं.