नातीला निदान घरात तरी बोलू देण्याबाबत

प्रति,
मा. मुख्य समन्वय अधिकारी,
आंतरराष्ट्रीय बालहक्क व सहभाग युवा मेळावा,
मेळावा कार्यालय, दुसरा मजला.

विषय: अर्जदाराच्या नातीस बोलण्याची, ते न जमल्यास निदान घरात बोलण्याची, लेखी परवानगी मिळणेबाबत.

संदर्भ: आपल्या कार्यालयाने बालप्रतिनिधींना दिलेली सूचना.

महोदय,

हातातली फाइल क्षणभर मिटावी आणि खुर्ची जरा पुढे ओढून घ्यावी, ही पहिली विनंती. कागद अर्जाचा असला तरी आत एका मुलीची गोष्ट आहे, आणि गोष्ट लांबून ऐकली की निम्मी वाटेतच सांडते.

१. अर्जदार हा निवृत्त आवक-जावक कारकून असून त्याची अकरा वर्षांची नात त्याच्याच घरात वाढत आहे. तिला घरात सगळे 'रेडिओ' म्हणतात. सकाळी डोळ्यांच्या आधी तिचे तोंड उघडते. देवाने तोंड दिले ते वापरायलाच, असे अर्जदाराचे मत असल्याने तिला कुणी कधी गप्प केले नाही.

२. आपल्या मेळाव्यात मुलांचे म्हणणे मांडण्यासाठी शाळेने तिची निवड केली. तिला एकच गोष्ट सांगायची होती. शाळेतली खेळाची खोली मेळाव्याच्या खुर्च्या ठेवायला घेतली आहे, आणि तेव्हापासून मधल्या सुट्टीत मुले जिन्याच्या पायऱ्यांवर बसून एकमेकांची तोंडे बघतात. मेळाव्यात 'खेळण्याचा हक्क' या विषयावर स्वतंत्र चर्चा असल्याचे समजते. त्या चर्चेला खुर्च्या कमी पडणार नाहीत, याबद्दल अर्जदार निश्चिंत आहे.

३. तिचे भाषण आपल्या भाषण तपासणी उपसमितीकडे गेले. या उपसमितीतल्या सर्वांत तरुण सदस्यांना मागल्या वर्षी नातू झाला. भाषण परत आले तेव्हा त्यात खोली नव्हती, खुर्च्या नव्हत्या. 'आम्हा बालकांच्या वतीने सर्व मान्यवरांचे आभार' एवढेच उरले होते. तालमीच्या वेळी नात म्हणाली, "पण हे मी म्हटलंच नाहीये." त्यावर आपल्या सहायक बाई अत्यंत मायेने म्हणाल्या, "अगं बाळा, तुझ्या मनातलंच आहे ते. आम्ही फक्त नीट लिहिलंय." मनातले तुम्हाला कसे कळले, असे नातीने विचारताच बाईंनी तिला बिस्किट दिले.

४. पुढे पाहुण्यांची भाषणे वाढली आणि आभारही गेले. आता तिने मंचावर 'आमचं ऐका' असा फलक धरून उभे राहायचे आहे. त्यासोबत लेखी सूचना आली की, पुढील आदेशापर्यंत बालप्रतिनिधींनी परवानगीशिवाय बोलू नये. खाली सही. सहीखाली शिक्का.

५. येथे घरची एक रीत सांगणे भाग आहे. सही-शिक्क्याने आलेला आदेश दुसऱ्या सही-शिक्क्यानेच रद्द होतो, ही शिस्त अर्जदाराने घरात घालून दिली आहे. इमारतीच्या लिफ्टवर 'बंद' अशी शिक्क्याची पाटी लागली होती. लिफ्ट कधीच दुरुस्त झाली, शेजारीपाजारी तिच्यातून वरखाली करतात. पण पाटी कुणी काढली नाही, म्हणून अर्जदाराचे कुटुंब गुडघे धरत अजून जिना चढते. नातीने ही शिस्त पुरती अंगी बाणवली आहे. तिने आपली सूचना कपाटाच्या दाराला चिकटवली आणि तोंड मिटले. कुणी विनवले, दटावले, तर ती जाऊन शिक्क्यावर बोट ठेवते.

६. शाळेत ती 'हजर' म्हणत नाही, म्हणून पहिल्याच बाकावर बसून गैरहजर लागते. दाताच्या डॉक्टरांनी कुठला दात दुखतो म्हणून विचारले. उत्तर मिळेना, तेव्हा त्यांनी अंदाजाने शेजारचा भरला. अर्जदाराची सून एरवी वर मान करून बोलत नाही, तीही म्हणाली, "बाबा, शिकवण तुमची. आता तुम्हीच निस्तरा." जेवताना भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू येते. त्या घड्याळाला आवाज आहे हे अर्जदाराला इतक्या वर्षांत ठाऊक नव्हते, आणि ठाऊक झाले नसते तरी चालले असते.

७. अर्जदार आपल्या कार्यालयाच्या खिडकीवर येऊन गेला. मुलाबाबतची तक्रार मुलानेच, समक्ष आणि तोंडी करावी लागते, असे तिथल्या गृहस्थांनी सांगितले. "आजोबा, मुलांच्या वतीने मोठ्यांनी बोलायचं नाही, तेच तर आपलं तत्त्व आहे." तोंडी तक्रारीसाठी बोलण्याची परवानगी लागेल काय, असे विचारता, लागेल, असे उत्तर मिळाले. ती कशी मिळेल? तोंडी तक्रार आल्यावर विचार होईल. गृहस्थांच्या मागे भिंतीवर नातीचाच मोठा फोटो होता, तोंड चांगले आ वासलेले, आणि खाली 'बालकांचा आवाज'. तालमीत पाहुण्यांच्या स्वागताचा सराव चालू असताना तिला आलेली ती जांभई आहे.

८. महोदय, देवाची कथा गाऊन सांगणाऱ्यांच्या पुढ्यात बसण्यात अर्जदाराचे आयुष्य गेले. भर रंगात आलेल्या कथेत एखादे पोर मध्येच उठून काहीतरी विचारते. सांगणारा थांबतो, हसतो, त्याला उत्तर देतो आणि पुढची कथा त्याच्याकडे बघून सांगतो. तेवढ्याने देवाचे काही अडलेले अर्जदाराने पाहिले नाही. मान्यवरांचे अडत असेल तर कल्पना नाही.

तरी, उद्याच्या समारोपात नातीस तिचे स्वतःचे भाषण करू द्यावे. तेवढी सवड नसल्यास घरात बोलण्याची परवानगी तरी सही-शिक्क्यासह द्यावी. खोलीची हकिकत अर्जदाराने वर लिहिली ती नाइलाजाने. ती तिने सांगायची गोष्ट आहे, आणि तिच्या वतीने बोलणारे आधीच पुष्कळ झाले आहेत.

आपला नम्र,
अर्जदार
(मुलीचे आजोबा)

दिनांक: समारोपाचा आदला दिवस

सोबत:
१) सूचनेची प्रत.
२) नात. समक्ष आणली असून कार्यालयाबाहेरच्या बाकावर बसली आहे. ती आपणहून हाक मारणार नाही. तेव्हा जेवायला उठाल त्यापूर्वी तिची आठवण ठेवावी.