लेकीच्या खोलीतला भाडेकरू

ता. ६ जानेवारी

अगं ऐकलंस का,

तुझं खुशालीचं पत्र पोचलं. बाळ तुझ्या वळणावर गेलंय असं लिहिलंस. नाकाबद्दल म्हणतेस की आवाजाबद्दल, ते कळलं नाही. दोन्ही असेल तर लेकीला विश्रांती मिळणं कठीण आहे. आजोबा झाल्याबद्दल मी वर्कशॉपमध्ये सगळ्यांना चहा पाजला. साधा चहा, बिस्किटं नाहीत. तेव्हा घाबरू नकोस.

फोनवर तू बोलतेस, मी ‘हं’ म्हणतो आणि त्या ‘हं’चे पैसे आपण भरतो, म्हणून पत्रंच लिहायची असं तू जाताना ठरवलंस ते बरं केलंस. पत्रात माणसाला जरा विचार करून, हवं तेवढंच लिहिता येतं.

घर जागेवर आहे. लिफ्टची कामं नेहमीसारखीच चालू आहेत. लोक अडकतात, मी सोडवतो, आणि सुटलेला माणूस माझ्यावरच ओरडतो. तुझ्या दुकानातला मॅनेजर रस्त्यात भेटला होता. म्हणाला, बाई कधी येणार, गिऱ्हाईक चादरींच्या ढिगात हरवतं आहे. मी म्हटलं, बिनपगारी रजेवर असलेल्या बाईची एवढी आठवण येत असेल तर पगारी करा. तो लगेच निघून गेला.

आता डब्यांविषयी. तू फळीवर मांडून ठेवलेस तसेच ते आहेत: दुधाचा, विजेचा, वाणसामानाचा, आणि ज्याला हात लावला तर तू माझा हात तोडणार आहेस तो हप्त्याचा. पहिल्या आठवड्यात दुधाला कमी पडले म्हणून विजेकडून घेतले. मग विजेला द्यायला वाणसामानाकडून घेतले. मग वाणसामानाने दुधाकडे मागितले, तर दूध म्हणालं माझेच विजेकडे अडकलेत. शेवटी कोण कोणाचं देणं लागतो हे मलाच कळेना. मग मी दिवे बंद ठेवायला लागलो. अंधारात चहा केला आणि साखरेऐवजी मीठ टाकलं. तो चहा प्यालो मी. टाकून देणं परवडलं नसतं.

पण मुद्दा असा की बँकेचा हप्ता वेळेवर गेला. माझ्या एकट्याच्या पगारात गेला आणि वर थोडी शिल्लकही राहिली. काटकसर केली की होतं सगळं.

लेकीला आशीर्वाद, बाळाला पापा.

तुझा,
काटकसरी

ता. क. लेकीच्या खोलीतल्या कपाटाची किल्ली कुठे असते गं? सहज विचारतोय.

---

ता. १९ जानेवारी

अगं,

तुझं पत्र मिळालं. पाठपोट कोरं, आणि मध्ये एवढंच: ‘शिल्लक कुठून आली?’ ना बाळाची खबर, ना माझ्या गुडघ्याची चौकशी. एवढा तिकिटाचा खर्च करून एक ओळ पाठवणं हे काही काटकसरीत बसत नाही, पण ते असो.

सांगतो. रागावू नकोस, किंवा रागावायचंच असेल तर पत्र पूर्ण वाचून रागाव.

हप्त्याची तारीख जवळ आली आणि डबा हलवला तर तो वाजायला लागला. भरलेला डबा वाजत नाही, हे तूच मला शिकवलंस. मी रात्रपाळीची कामं मागून पाहिली, मिळाली नाहीत. म्हणून लेकीची खोली भाड्याने दिली. थोड्या दिवसांपुरती. खालच्या किराणा दुकानाच्या काचेवर मी चिठ्ठी लावली: ‘एका सज्जन माणसासाठी खोली.’ दुसऱ्याच दिवशी सज्जन माणूस आला.

आता तू म्हणशील, परका माणूस घरात घेतला. तसा तो अगदीच परका म्हणता येणार नाही, म्हणजे आता दोन-तीन आठवडे राहिल्यावर कोणीच परकं वाटत नाही, असं मला म्हणायचंय. त्रास शून्य. सकाळी माझ्या आधी उठतो. भाडं आगाऊ देतो आणि पावती मागतो. मी म्हटलं, कशाला पावती, तर म्हणाला, भाडेकरूला पावती लागते. हॉलमध्ये या, बसा म्हटलं तर येत नाही. ‘मी भाडं खोलीचं देतो, हॉलचं नाही,’ म्हणतो. मग मी खुर्ची हॉलच्या कडेला घेतो, तो त्याची दाराच्या आत घेतो, आणि आम्ही समोरासमोर बसून चहा पितो. त्याचा अर्धा तिकडे, माझा अर्धा इकडे.

बटाटा सोलतो तर साल एका सलग पट्टीत निघतं. कपड्यांची घडी तर अशी घालतो की घातलेली घडी मोडून शर्ट अंगात घालायला जीव होत नाही. हॉलचे पडदे खाली घासत होते ना, ते आता घासत नाहीत. माझ्या कामाच्या पँटचीही कंबर बसली. मी काही सांगितलं नव्हतं. त्याला बघवलं नाही म्हणे.

नाव विचारशील. नाव काही लक्षात राहण्यासारखं नाही. वयाने आपल्यापेक्षा थोडा मोठा. चेहरा साधा. नाकाचं म्हणशील तर, नाक चांगलं आहे.

तू आलीस की सगळं सविस्तर बोलू. आल्या आल्या नको. जेवण झाल्यावर बोलू.

तुझा,
भाडं वेळेवर मिळणारा घरमालक

---

ता. ३ फेब्रुवारी

अगं,

पुढच्या आठवड्यात तू येणार, लेकीने कळवलं. गेल्या पत्राला तुझं उत्तर नाही. तू रागावतेस तेव्हा मला भीती वाटत नाही. तू गप्प बसतेस तेव्हा वाटते. म्हणून आज डबा खाऊन झाल्यावर वर्कशॉपच्या बाकावर बसूनच लिहितो आहे. घरी लिहायला बसलो तर तो समोर असतो आणि माझं धैर्य जातं.

भाडेकरू म्हणजे तुझा दादा आहे.

हे वाक्य लिहून मी दोन वेळा उठून पाणी पिऊन आलो. आता पुढचं सांगतो.

दार वाजलं म्हणून उघडलं, तर हातात बॅग घेऊन हा उभा. गळ्यात मोजायची टेप तशीच, काढायला विसरला असावा. मी म्हटलं, “ती घरात नाही. लेकीकडे गेलीय.”

“माहीत आहे,” म्हणाला. “दुकानदाराने सांगितलं. खोलीचं भाडं किती?”

“दादा, तुम्हाला कसलं भाडं?”

“का? माझे पैसे खोटे आहेत का?”

“तसं नाही हो. पण तिने सांगितलंय, तुम्ही या घरात पाऊल टाकायचं नाही. मी तुम्हाला आत घेतलं तर मलाच दुसरीकडे खोली बघावी लागेल.”

तर तो म्हणाला, “तिने भावाला येऊ नको म्हटलंय, जावईबुवा. भाडेकरूला नाही म्हटलेलं. भाडेकरूला आत यायचा हक्क असतो.”

यावर तुला उत्तर सुचलं असतं. मी बाजूला झालो आणि तो आत आला, आणि बूट काढून थेट लेकीच्या खोलीत गेला. इकडेतिकडे पाहिलंसुद्धा नाही.

शिलाईचं दुकान त्याने विकलं. लोक तयार कपडे घेतात आता, आणि सुईत दोरा ओवायला त्याला शेजारच्या पानवाल्याला हाक मारावी लागायची. बायको नाही, मूल नाही, सगळा संसार मशीनशी. दुकान गेलं तशी दुकानामागची राहायची खोलीही गेली.

आपण घर घेताना सुरुवातीला भरायची रक्कम देतो म्हणाला, आणि ऐन वेळी त्या पैशात नव्या मशिनी घेतल्या, हे मी विसरलेलो नाही. त्यामुळे आपलं कर्ज वाढलं, हप्ता वाढला, आणि तू चादरींच्या दुकानात उभी राहायला लागलीस. तुझे पाय सुजलेले मी रोज पाहतो. त्याची बाजू मी घेत नाही. त्याने स्वतःही घेतली नाही. मी विचारलं तेव्हा एवढंच म्हणाला, “मशिनी तेव्हा स्वस्तात मिळत होत्या. मला वाटलं, एका वर्षात दुप्पट करून देईन. मग वर्ष गेलं, आणि मग तोंड दाखवायची लाज वाटली.”

पण एक गोष्ट तुला सांगायलाच हवी. मी विचारलं, दादा, चिठ्ठी लावली आणि दुसऱ्याच दिवशी तुम्ही कसे आलात? तुम्ही तर गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायचात. त्याने आधी कप खाली ठेवला. मग म्हणाला, तो अधूनमधून आपल्या खालच्या दुकानात येत असे. बस बदलून. काडेपेटी घ्यायला. मी म्हटलं, काडेपेट्या तुमच्याकडे मिळत नाहीत का?

म्हणाला, “काडेपेटी घेतली की समोरच्या फुटपाथवर जरा उभं राहता येतं. तुमच्या गॅलरीत कपडे वाळत असायचे. कपड्यांवरून कळतं सगळं. तुमच्या शर्टाची कॉलर विरल्यावर तिने उसवून, उलटून परत शिवलेली मला खालून दिसायची. टाके माझ्यासारखेच घालते ती, मीच शिकवलेत. एका शर्टाची कॉलर उलटली म्हणजे काटकसर. सगळ्याच शर्टांच्या उलटलेल्या दिसल्या, त्या दिवशी मी घरी जाऊन जेवलो नाही.”

मी उठून कपबशा विसळल्या. स्वच्छच होत्या, तरी विसळल्या.

आता उरलेलं. तेही सांगून टाकतो म्हणजे एकदाच काय ते होईल. दुसऱ्या महिन्याचं भाडं म्हणून त्याने पुडकं ठेवलं. मी मोजलं. ते भाडं नव्हतं. तेव्हा जेवढे द्यायचे होते तेवढे होते, बरोबर तेवढेच. म्हणाला, “आगाऊ भाडं आहे. पावती द्या.” मी घेणार नव्हतो. खरंच घेणार नव्हतो. पण वाटलं, तू यायच्या आत कर्ज हलकं झालं तर तुला दुकानात उभं राहावं लागणार नाही. मी बँकेत जाऊन सगळे मुदलात भरून टाकले. भरून बाहेर आलो आणि पायरीवर लक्षात आलं की तुला विचारलं नाही. परत आत गेलो. काउंटरवरच्या मुलीने सांगितलं, “काका, आम्ही पैसे घेतो. परत देत नाही.” लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसाला काय वाटतं ते मला इतक्या वर्षांत पहिल्यांदा कळलं.

आता तू म्हणशील तसं. तू जा म्हणालीस तर तो जाईल. बॅग त्याने अजून पूर्ण उघडलेली नाही. पैसे कसे परत करायचे ते मला सुचत नाही. तुला सुचेल.

तुझा,
जो तुला विचारल्याशिवाय पुन्हा काहीही करणार नाही असा

---

ता. १० फेब्रुवारी

अहो,

पत्र मिळालं. बाळ मजेत आहे, लेक बरी आहे. तुमच्या गुडघ्याला तेल लावता का? लावत नसालच.

पडद्यांचं वाचलं तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली होती. आपल्या ओळखीत दुसऱ्याच्या घरचा पडदा बघून ज्याचा हात शिवशिवेल असा एकच माणूस आहे. आणि नाक चांगलं आहे असं तुम्ही लिहिल्यावर तर लेक इतकी हसली की बाळ दचकून उठलं. तुम्हाला लपवता येत नाही. पुढे कधी लपवायला जाऊ नका, तुमच्या तब्येतीला झेपत नाही.

कळलं होतं तर मग लगेच उत्तर का लिहिलं नाही, ते विचारू नका. लिहायला बसत होते. ‘त्याला आत्ताच्या आत्ता बाहेर काढा’ इथपर्यंत येत होते, आणि मग बाळ रडायचं. बाळ रडलं नाही तर मीच उठून त्याला बघून यायची.

इतकी वर्षं मी दुकानात उभी राहिले ती त्याच्या रागावर. पाय दुखायला लागले की त्याला मनातल्या मनात चार शब्द ऐकवायचे, की संध्याकाळपर्यंत निभायचं. आता तुम्ही लिहिता, तो फुटपाथवर उभा असायचा. मी वर दुखऱ्या पायांनी कपडे वाळत घालत होते आणि हा खाली काडेपेट्या विकत घेत होता. दोघांनी वर बघायचं, खाली बघायचं, एवढंच करायचं होतं. ते पत्र मी लेकीला वाचायला दिलं नाही. अजून माझ्याजवळच आहे.

आता मी सांगते तसं करायचं. पत्र मिळाल्याबरोबर भाडेकरूला नोटीस द्या. माझ्या घरात भाडेकरू नको आहे. खोली लेकीची आहे, तिचा मामा तिथे राहिला तर तिची हरकत नाही, मी तिला विचारलंय. मामाकडून भाडं घेत नसतात. दिलेल्या पावत्या परत घेऊन फाडा. आणि त्याला सांगा, हॉलमध्ये बसायचं. दारात बसून चहा पिणाऱ्या माणसाला मी चहा देणार नाही.

राहिले पैसे. बँकेने परत दिले नाहीत ते बरंच झालं. मी दुकान सोडणार आहे, पाय तेवढंच म्हणत होते. पण फुकट मला काही नको. तेव्हाही नको होतं. ते उसनेच मागितले होते आपण. तर आता ते आपण दादाचं कर्ज धरू आणि हप्त्याने फेडू. हप्ता मी ठरवणार. मोठा झेपायचा नाही आपल्याला; छोटाच ठेवू, दुधाच्या बिलाएवढा. पोस्टाने मिळणार नाही, कोणाच्या हाती पाठवणार नाही. दर महिन्याला त्याने स्वयंपाकघरात माझ्यासमोर बसून मोजून घ्यायचा. फेडायला खूप वर्षं लागतील म्हणावं. तोवर त्याने कुठे जायचं नाही, आणि तब्येत सांभाळायची. कर्ज देऊन पसार होणं शोभत नाही.

शुक्रवारी दुपारच्या गाडीने येते. उतरवून घ्यायला दोघेही या. सामान जड आहे.

तुमची बायको,
आणि त्याची धाकटी