शेवटच्या प्रकरणाचं अक्षर

ती. आईस,

हिमानीचा नमस्कार. काल नीट पोचले, जेवणही बरं मिळतं. देऊळगावराजाला ऊन फार असेल. गुडघ्याला तेल लावतेस ना?

बाबांच्या कादंबऱ्यांची हस्तलिखितं विद्यापीठाच्या ग्रंथालयात छान जपली आहेत. मात्र शेवटच्या कादंबरीवर ग्रंथपाल बाई अडल्या.

"हे शेवटचं प्रकरण कोणाच्या अक्षरात आहे हो?"

"आईच्या. बाबा सांगायचे, ती लिहायची."

"अर्धांगवायूनंतर त्यांना बोलता येत होतं?"

"हो तर," मी म्हटलं.

आई, बाबांची वाचा तर झटका आला त्याच दिवशी गेली होती. बाईंना संशय आहेच. प्रकरण बाबांचं नसेल तर ते कादंबरीतून काढून परत पाठवतील.

मी ते तिथेच बसून पुन्हा वाचलं. त्यात सून शेंगोळे वळते आणि लसूण जास्त झाला म्हणून सासूची बोलणी खाते. बाबांना घरातला मिठाचा डबा कधी सापडला नव्हता.

बाई तुला फोन करतील. मी सांगितलं तेच सांग. मला मात्र खरं लिही, "काऊन विचारून राह्यली?" म्हणून टाळू नकोस. अख्ख्या कादंबरीत मला तेच प्रकरण सगळ्यात आवडलं.

तुझी,
हिमानी