यादीत नसलेल्या शाखेसाठी अर्ज, तिसऱ्यांदा

प्रति,
मा. संचालक,
परिचर्या प्रशिक्षण विभाग,
मुख्य इमारत, दुसरा मजला.

विषय : परिचर्या माहितीशास्त्र या शाखेतील पदव्युत्तर शिक्षणासाठी दोन वर्षांची अध्ययन रजा मंजूर होणेबाबत.

संदर्भ : माझे यापूर्वीचे दोन अर्ज व त्यांवरील आपल्या कार्यालयाची दोन उत्तरे, ज्यांची आपापसांत ओळख नसावी.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करते की, मी अस्थिरोग विभागातील स्त्रियांच्या वॉर्डात परिचारिका आहे. रुग्णाची खाट आणि रुग्णालयाचा संगणक यांचे सध्या बोलणे बंद आहे. ते सुरू करून देण्याचे शास्त्र शिकण्यासाठी मला विद्यापीठात प्रवेश मिळाला आहे. येत्या शुक्रवारपर्यंत रजेचे मंजुरीपत्र दाखल न केल्यास तो रद्द होईल, आणि वयोमर्यादेमुळे मला पुन्हा अर्ज करता येणार नाही.

१. पहिल्या अर्जावर कळविण्यात आले की सदर शाखा यादीत नाही. बालरोग, प्रसूती, अतिदक्षता व मानसिक आरोग्य यांपैकी 'आवडेल ती' निवडावी. हे पत्र घरी वाचताच सर्वांना मते फुटली. सासूबाई म्हणाल्या, "प्रसूती घे गं, पोरं होणं काही थांबत नाही." यजमानांनी अतिदक्षता सुचविली, कारण तिथे यंत्रे पुष्कळ असतात आणि मला यंत्रेच हवीत असा त्यांचा समज आहे. नणंदबाई म्हणाल्या, "मानसिक आरोग्यच घे वहिनी, ऑफिसची पत्रं वाचून उपयोगी पडेल." मला यंत्रे नकोत. यंत्रात काय भरले जाते आणि कोण भरते, एवढेच मला पाहायचे आहे.

२. सबब दुसऱ्या अर्जात मी यादीत ही शाखा घालण्याची विनंती केली. त्यावर कळविण्यात आले की नवी शाखा घालण्यासाठी त्याच शाखेत पदव्युत्तर झालेल्या, आपल्याच सेवेतील परिचारिकेची शिफारस लागते. अशी परिचारिका आपल्या सेवेत नाही, कारण शाखा यादीत नाही. इथे मी कपाळावर हात मारला, तो अद्याप तिथेच आहे. त्याच पत्रात 'अर्जदारास संगणकाची आवड दिसते' असा शेरा मारून माझी नेमणूक तात्पुरती छपाई यंत्रांच्या खोलीत करण्यात आली. सध्या मी अडकलेले कागद ओढून काढते. मैत्रिणी मला 'प्रिंटरबाई' म्हणतात. भीक नको पण कुत्रे आवर, अशी माझी अवस्था झाली आहे.

३. आता मुख्य कारण. आमच्या वॉर्डात हात रिकामा नसतो म्हणून आम्ही रुग्णाची नाडी, ताप, तक्रार चिकटपट्टीच्या तुकड्यावर लिहून तो एप्रनला चिकटवतो आणि सवड मिळाली की संगणकात भरतो. ज्यांनी संगणकाची ही व्यवस्था केली त्यांनी उंटावरून शेळ्या हाकल्या आहेत. वेदनेचा रकाना कुणी वेळेत उघडला नाही, तर तो 'वेदना नाही' असे स्वतःच लिहून मोकळा होतो.

खुब्याचे हाड मोडलेल्या एक निवृत्त शिक्षिका आमच्याकडे होत्या. सकाळपाळीच्या परिचारिकेने पट्टीवर लिहिले होते, 'फार दुखते, डॉक्टरांना सांगणे.' मध्येच एका रुग्णाने उलटी केली, एप्रन बदलावा लागला, आणि पट्टी एप्रनसह धुलाईला गेली. दुपारी डॉक्टरांनी संगणक पाहिला. 'वेदना नाही.' त्यांनी औषध वाढविले नाही. बाई कण्हत राहिल्या तेव्हा 'वयामुळे घाबरतात' अशी आणखी एक नोंद झाली. मी दुपारपाळीला आले तेव्हा त्यांनी उशीचे टोक दातांत धरले होते. मला रडू आले, हे अर्जात लिहिण्याची पद्धत नसली तरी लिहिते.

मी संगणक व्यवस्थेच्या कक्षात तक्रार केली. त्यांनी तपासून लेखी कळविले की नोंदी परिपूर्ण असून एकही रकाना रिकामा नाही. रुग्णसेवेच्या अहवालात त्या महिन्यात आमचा वॉर्ड सर्वांत कमी वेदनेचा ठरला आणि आम्हाला प्रशस्तिपत्र मिळाले. ते मीच छापले.

४. चिकटपट्टीही कळते आणि संगणकही कळतो, असे माणूस या रुग्णालयात हवे. अन्य कोणत्याही शाखेत ते घडत नाही, म्हणून माझी निवड बदलणार नाही. मंजुरी शक्य नसल्यास स्पष्ट नकार लेखी द्यावा. 'विचाराधीन' असे कळवू नये, ही नम्र विनंती.

घरी जाताना बाईंनी माझा हात धरला. म्हणाल्या, "मुली, तुझ्या त्या यंत्राला सांग, मी उगीच कण्हत नव्हते." मी "सांगते" म्हटले आहे. महोदय, त्याला कसे सांगायचे हे मला अजून येत नाही. तेवढे शिकण्यासाठी दोन वर्षे हवी आहेत.

शुक्रवारच्या आत उत्तराची वाट पाहणारी,
आपली नम्र,
(सही)
परिचारिका, स्त्री अस्थिरोग वॉर्ड
(तात्पुरती : छपाई यंत्रांची खोली)
दिनांक : सोमवार, चालू आठवडा

सोबत : विद्यापीठाचे प्रवेशपत्र, आपली दोन्ही उत्तरे, वॉर्डाचे प्रशस्तिपत्र (हे मी परत करीत आहे).